ऐझॉलला हवा होता एक गुण

३० एप्रिल २०१७, रविवारची संध्याकाळ. आमच्याकडे टीव्हीवर शिलाँगचा फुटबॉल सामना लागला होता आणि माझ्या हातातल्या मोबाइलवर कोलकात्याचा स्कोअर. शिलाँगमध्ये यजमान लाजाँगने नवव्याच मिनिटाला गोल केला होता, म्हणजे मिझोरामचा ऐझॉल क्लब एका गोलने मागे. शेजारी बसलेला भाचा थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मामा, हरतंय ऐझॉल शिलाँगमध्ये, आणि तू कोलकात्याचं काय बघत बसलायस?"

तेव्हा त्याला दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं आणि परत टीव्हीकडे वळलो. पण प्रश्न रास्त होता. वर्षभर फुटबॉल न बघणाऱ्या, क्रिकेटवर वाढलेल्या कुणालाही तो पडेल. त्याचं नीट उत्तर द्यायचं तर २०१६-१७ची सगळी आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशाची राष्ट्रीय फुटबॉल लीग, उलगडून सांगावी लागते. तो हंगाम उलगडला की लीग म्हणजे काय, गुणतक्ता कसा वाचायचा, संघ वरच्या पातळीवर कसे जातात आणि खाली कसे येतात, हे सगळं ओघाने समजतं. मला विचाराल तर भारतीय फुटबॉलमधला इतका शिकवून जाणारा हंगाम दुसरा नाही.

आधी साधी गोष्ट. क्रिकेटमुळे आपल्याला 'फायनल'ची सवय आहे. दोन संघ, एक सामना, एक करंडक. फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगमध्ये सहसा फायनल नसते. सगळेच साखळी सामने. प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी दोनदा खेळतो, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्याच्या. त्या हंगामात दहा संघ होते, म्हणजे प्रत्येकाचे १८ सामने आणि एकूण ९०. ७ जानेवारीला सुरू झालेली लीग ३० एप्रिलला संपली. जिंकलात तर ३ गुण, बरोबरी झाली तर दोघांना १-१, हरलात तर शून्य. नव्वद सामन्यांनंतर ज्याची बेरीज सगळ्यांत जास्त, तो विजेता. उपांत्य फेरी नाही, सुपर ओव्हर नाही.

गुण समान झाले तर? बऱ्याच लीगमध्ये गोलफरक बघतात, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा करायचे. आय-लीगमध्ये आधी त्या दोन संघांचे आपसांतले सामने बघायचे आणि तिथेही तिढा सुटला नाही तर पुढचे निकष लावायचे. हे लक्षात असू द्या, शेवटच्या दिवशी लागेल.

आता त्या हंगामाच्या शेवटी वरच्या दोन ओळी कशा दिसत होत्या ते बघू. ऐझॉल: ११ विजय, ४ बरोबरी, ३ पराभव, ३७ गुण. कोलकात्याचं मोहन बागान: १० विजय, ६ बरोबरी, २ पराभव, ३६ गुण. बारकाईने बघितलं तर बागान ऐझॉलपेक्षा कमी सामने हरलं होतं, तरी दुसरं आलं. याचं कारण विजयाच्या तीन गुणांत आहे. जगभर पूर्वी विजयाला दोनच गुण असायचे. इंग्लंडने १९८१मध्ये तीन केले आणि विश्वचषकात ते १९९४पासून आले. हेतू हा, की संघांनी बरोबरीत समाधान मानू नये, जिंकायला जावं. जुन्या पद्धतीने हिशेब केला तर ऐझॉलचे २२ अधिक ४, म्हणजे २६ गुण होतात. बागानचे २० अधिक ६, तेही २६. म्हणजे जुन्या नियमात दोघं एकाच पायरीवर असते. ऐझॉलचा एक विजय जास्त होता आणि बागानच्या दोन बरोबऱ्या. नव्या नियमात तेवढ्यावर विजेता ठरला.

इथपर्यंत गणित झालं. पण गुणतक्त्यातले आकडे वाचण्याआधी डावीकडची नावं वाचायची असतात. कोणते दहा संघ? ते तिथे आले कसे? २०१६-१७च्या आय-लीगचं खरं नाट्य तिथे आहे, कारण आदल्या वर्षी, २०१५-१६मध्ये, ऐझॉल लीगमधून खाली घसरलं होतं.

हे घसरणं म्हणजे काय ते आपल्या रणजी करंडकावरून समजून घेता येईल. रणजीत हल्ली एलिट आणि प्लेट असे गट आहेत. प्लेटमध्ये चांगला खेळलेला संघ वर जातो, एलिटमध्ये तळाला राहिलेला खाली येतो. फुटबॉलमध्ये जगात बहुतेक ठिकाणी हीच रीत आहे. वरची लीग, तिच्या खालची, तिच्याही खालची, आणि दोन मजल्यांच्या मध्ये एक जिना. मुंबईच्या जिल्हा लीगमध्येही असेच मजले आहेत. या जिन्यामुळे तळाच्या दोन संघांतला सामनासुद्धा अटीतटीचा होतो, कारण वर करंडक नसला तरी खाली खड्डा असतो. आयपीएलमध्ये असा जिना नाही. तिथे संघ शेवटचा आला तरी पुढच्या वर्षी तोच संघ तिथेच. भारतातल्या इंडियन सुपर लीगची, म्हणजे आयएसएलची, रचनाही सुरुवातीला आयपीएलसारखीच होती.

२०१५-१६च्या आय-लीगमध्ये नऊ संघ होते. ऐझॉल आठवं आलं, नववं पुण्याचं डीएसके शिवाजियन्स. मग खाली शिवाजियन्स जायला हवं होतं ना? पण शिवाजियन्सने थेट प्रवेश घेतला होता. म्हणजे दुसऱ्या श्रेणीतून जिंकून न येता, ठरलेली फी आणि गुंतवणुकीच्या अटी पूर्ण करून ते लीगमध्ये आले होते आणि अशा नव्या संघांना सुरुवातीच्या काळात घसरण्यापासून संरक्षण होतं. नवा मालक पैसे घालतोय, त्याला पहिल्याच वर्षी बाहेर काढू नये, असा त्यामागचा विचार. विचार समजू शकतो. पण त्याची किंमत खेळून आलेल्या संघाने मोजली. शेवटून दुसरं आलेलं ऐझॉल खाली गेलं. पुण्याचा संघ आपला असला तरी हा न्याय मला तेव्हाही पटला नव्हता आणि आजही पटत नाही.

त्याच मे महिन्यात हेच ऐझॉल फेडरेशन कप या लीगहून वेगळ्या, बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचलं होतं. तिथे मोहन बागानने त्यांना ५-० असं धुऊन काढलं. म्हणजे मे २०१६ संपताना ऐझॉलकडे दोन गोष्टी होत्या: दुसऱ्या श्रेणीचं तिकीट आणि पाच गोल खाल्ल्याची आठवण.

मग ते परत आले कसे? त्यासाठी थोडं मागे जाऊन गोव्याला जावं लागेल.

आय-लीग २००७मध्ये सुरू झाली. पहिली सहा वर्षं विजेतेपद गोव्याबाहेर गेलंच नाही. धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. महाराष्ट्र-गोव्यातल्या फुटबॉलवेड्या माणसाला राष्ट्रीय फुटबॉल म्हटलं की मडगावचं फातोर्डा मैदान आठवायचं. डिसेंबर २०१०मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सबरोबर १५ वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला आणि फुटबॉलचे व्यावसायिक हक्क त्यांच्याकडे गेले. त्या करारातून २०१४च्या ऑक्टोबरमध्ये आयएसएल उभी राहिली. शहरांच्या नावाचे नवे संघ, सिनेतारे, नावाजलेले परदेशी खेळाडू, मोठे प्रायोजक. सुरुवातीला ती वर्षाअखेरीस काही आठवडे चालायची आणि जानेवारीपासून आय-लीग. बरेच खेळाडू दोन्हीकडे खेळायचे. अधिकृत राष्ट्रीय लीग मात्र आय-लीगच होती. आशियाई स्पर्धेचं तिकीट तिच्या विजेत्याला मिळायचं.

मे २०१६मध्ये महासंघाने क्लबांसमोर नवा आराखडा ठेवला. वर आयएसएल, तिच्याखाली 'लीग वन', त्याखाली 'लीग टू'. म्हणजे दशकानुदशकं खेळणारे क्लब एका झटक्यात दुसऱ्या मजल्यावर जाणार. आणि वरच्या मजल्याला जिना? तो त्या आराखड्यात नव्हता. आयएसएल बंद दाराची राहणार होती.

गोव्याच्या क्लबांनी यावर तोंडदेखला विरोध केला नाही, ते सरळ उठून गेले. जून २०१६मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवाने आय-लीगमधून माघार घेतली. दुसरी श्रेणी जिंकून वर आलेल्या धेंपोनेही तोच रस्ता धरला. तीन वेळचा विजेता धेंपो, घसरून नव्याने जिंकून परत आलेला, आणि दारातून माघारी फिरलेला. फातोर्ड्याच्या गॅलरीत बसून ज्यांनी तो काळ बघितला त्यांना विचारा, काय वाटलं असेल.

तीन नावं गेली तर जागा रिकाम्या झाल्या. त्या भरायला महासंघाने घसरलेल्या ऐझॉलला परत बोलावलं. चर्चिल ब्रदर्स पुन्हा आत आले. चेन्नई सिटी आणि मिनर्व्हा पंजाब ही दोन नावं पहिल्यांदाच तक्त्यात दिसली. बाकीचे होते बंगळुरू, मोहन बागान, ईस्ट बंगाल, शिलाँग लाजाँग, डीएसके शिवाजियन्स आणि मुंबई एफसी. झाले दहा.

यातलं एक नाव आपल्या कामाचं आहे. मुंबई एफसी. कूपरेजवर खेळणारा संघ. हाती पैसा बेताचा, नावाजलेले खेळाडू नाहीत, पण लीगमध्ये टिकून राहण्यात पटाईत. त्याला टिकवून धरणारा माणूस म्हणजे खालिद जमील. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया असा मुंबईतच खेळून झालेला मध्यरक्षक, नंतर २००९पासून मुंबई एफसीचा प्रशिक्षक. सात वर्षं तो तिथे होता आणि त्या सात वर्षांत संघ एकदाही खाली गेला नाही. त्याच्या खेळाला 'बचावात्मक' म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ होते. मी कूपरेजच्या गॅलरीतून जितके सामने बघितले, त्यांत सामना चालू असताना हा माणूस निवांत बसलेला एकदाही दिसला नाही. कडेच्या रेषेला लागून अखंड येरझारा, आणि बचावातला एखादा खेळाडू दोन पावलं पुढे सरकला तरी लगेच हाक. २०१६मध्ये त्याचं आणि मुंबई एफसीचं फाटलं. संघाने नवा प्रशिक्षक आणला आणि खालिदने ऐझॉल गाठलं.

मुंबईहून तिकडे जाणारा तो एकटा नव्हता. मुंबईचा जयेश राणे त्या संघात होता. मुंबई एफसीमधून खेळलेला बचावपटू आशुतोष मेहता होता. गोलमध्ये गोव्याचा अल्बिनो गोम्स उभा राहायचा. आणि मधल्या फळीत सूत्रं हलवणारा सीरियाचा महमूद अल अमना आदल्या हंगामात गोव्याच्या स्पोर्टिंगकडून खेळला होता. स्पोर्टिंग लीगमधून उठलं आणि तो ऐझॉलला लाभला. गोव्यातून जे निसटलं त्यातलं बरंच मिझोरामच्या पदरात पडलं, ते असं.

पण संघ उभा होता तो मिझो पोरांवर. मिझोराम म्हणजे जेमतेम अकरा लाख वस्तीचं राज्य, तिथे फुटबॉल गल्लीगल्लीत. २०१२मध्ये त्यांनी स्वतःची मिझोराम प्रीमियर लीग सुरू केली आणि दोनच वर्षांत, २०१४ला, राज्याने पहिल्यांदा संतोष करंडक जिंकला. देशातल्या बहुतेक मोठ्या क्लबांत तोवर मिझो खेळाडू दिसायला लागले होते. ऐझॉलने ही पोरं घरीच ठेवली. ललरुआतथरा, ब्रँडन वनलालरेमडिका, झोमिंगलियाना राल्ते, विल्यम लालनुनफेला. परदेशी खेळाडू नियमाप्रमाणे चारच, त्यांतला एक आशियाई. लायबेरियाचा आल्फ्रेड जारियन आणि आयव्हरी कोस्टचा कामो बायी त्यांत होते. कोल्हापुरात तालमीच्या संघासाठी पेठेतली पोरं जशी जीव टाकतात, शाहू स्टेडियमवर ज्यांनी ते पाहिलंय त्यांना ऐझॉलच्या राजीव गांधी स्टेडियमवरची हवा वेगळी सांगायला नको. समोर आपल्या गल्लीतले लोक बसलेले असताना खेळायचं, हे बळ वेगळंच असतं.

पाहुण्या संघाला तिथे जाणं सोपं नाही. डोंगरातलं शहर, वळणावळणाचे रस्ते, कृत्रिम हिरवळीचं मैदान. लीगमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाच्या घरी जायलाच लागतं, म्हणून आपलं घर भक्कम ठेवणारा संघ अर्धी लढाई जिंकतो. खालिदने नेमकं तेच केलं. गोल खायचे नाहीत, एक मिळाला तर जपायचा, घरातून कुणाला गुण नेऊ द्यायचे नाहीत. ज्याला मुंबईत नावं ठेवली जायची तीच पद्धत. तिथे तिच्यावर तळातून वाचायची वेळ यायची, इथे ती वर चढायला कामी आली.

आता २२ एप्रिलकडे येऊ. त्या दिवशी ऐझॉलच्या मैदानावर मोहन बागान आलं. दोघांचेही ३३ गुण आणि दोघांचेही दोन सामने बाकी, एक हा आपसांतला आणि एक शेवटचा. बागानचा संघ ताकदीचा. सोनी नोर्डे, कात्सुमी, आणि आघाडीला जेजे लालपेखलुआ. जेजे स्वतः मिझोरामचा, राज्याचा लाडका, आणि त्या दिवशी राज्याच्या स्वप्नाच्या आड उभा. गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती.

८० मिनिटं गोल नाही. अशा वेळी बघणाऱ्याच्या मनात बरोबरी मान्य व्हायला लागते. मग ८३व्या मिनिटाला बागानच्या गोलसमोर चेंडू उंच आला, बचावातून पुढे आलेला झोमिंगलियाना राल्ते सगळ्यांच्या वर उठला आणि त्याचा हेडर जाळ्यात गेला. १-०. सामना तसाच संपला.

हा एक गोल किती मोलाचा होता ते मोजून बघा, म्हणजे गुणतक्ता कसा श्वास घेतो ते कळेल. तो हेडर बाहेर गेला असता तर सामना ०-० राहिला असता, दोघांचे ३४-३४ गुण. गोल झाला म्हणून ऐझॉलला एकाच्या जागी तीन मिळाले, म्हणजे दोन जास्त. आणि बागानचा एक होता तोही गेला. दोघांतलं अंतर एका हेडरने तीन गुणांनी बदललं. पुढे शेवटच्या दिवशी जे निकाल लागले तेच धरले, तर तो गोल नसता ऐझॉल ३५वर थांबलं असतं आणि बागान ३७वर. करंडक कोलकात्याला गेला असता.

तर ३० एप्रिलला परत येऊ. ऐझॉल ३६, बागान ३३. ऐझॉलचा सामना शिलाँगच्या नेहरू स्टेडियमवर लाजाँगशी, बागानचा कोलकात्यात रवींद्र सरोवर स्टेडियमवर चेन्नई सिटीशी. (सॉल्ट लेकचं मोठं मैदान तेव्हा १७ वर्षांखालच्या विश्वचषकासाठी दुरुस्तीला काढलेलं होतं.) ऐझॉलने एक गुण मिळवला, म्हणजे नुसती बरोबरी साधली, तरी ३७ होणार आणि बागान कितीही गोलांनी जिंकलं तरी ३६च. पण ऐझॉल हरलं आणि बागान जिंकलं, तर ३६-३६. मग मघाशी सांगितलेला आपसांतल्या सामन्यांचा हिशेब मांडून बसावं लागणार आणि चार महिन्यांची कमाई टांगणीला लागणार. म्हणून भाचा विचारत होता तेव्हा माझा एक डोळा कोलकात्याकडे होता. ऐझॉल एका गोलने मागे असताना बागानचा प्रत्येक गोल शिलाँगमध्ये ऐकू येत होता म्हणा ना.

दोन्ही सामने एकाच वेळी का ठेवतात, हेही जाता जाता सांगतो. १९८२च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांचा गटातला शेवटचा सामना स्पेनमधल्या हिहोन शहरात झाला. अल्जीरियाचे सामने आधीच संपलेले. जर्मनीने एका गोलने जिंकलं तर दोघंही पुढे जातात आणि अल्जीरिया बाहेर, हे दोघांना ठाऊक होतं. जर्मनीने लवकर एक गोल केला आणि उरलेला वेळ दोन्ही संघ चेंडू इकडून तिकडे ढकलत राहिले. अल्जीरियाची पोरं बघत बसली. तेव्हापासून विश्वचषकात गटातले शेवटचे सामने एकाच वेळी सुरू होतात आणि लीगमध्येही शेवटच्या दिवशी तीच रीत पाळतात, म्हणजे दुसऱ्याचा निकाल हातात घेऊन कुणी खेळू नये.

शिलाँगमध्ये लाजाँगचा गोल केला होता कॅमेरूनच्या डिपांडा डिकाने. त्या हंगामात सर्वाधिक, ११ गोल त्याचेच. लाजाँगला त्या सामन्यातून करंडक मिळणार नव्हता, तरी ते जीव तोडून खेळले. ईशान्येतलाच संघ म्हणून कुणी हात आखडता घेतला नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो. मध्यांतराला १-० तसंच. ऐझॉलहून डोंगररस्त्याने आलेले समर्थक गॅलरीत, घसे बसलेले.

६७व्या मिनिटाला गोलसमोरच्या गर्दीत चेंडू विल्यम लालनुनफेलाच्या पायाशी आला आणि त्याने तो आत घातला. १-१. आमच्या घरात भाचा माझ्याआधी उठून ओरडला. त्याला गणित समजलं होतं. उरलेली वीस-पंचवीस मिनिटं आम्ही दोघंही बोललो नाही. कोलकात्यात बागानने चेन्नईला २-१ हरवलं, आपलं काम चोख केलं. शिलाँगमध्ये शिट्टी वाजली तेव्हा स्कोअर १-१च होता. वर्षभरापूर्वी घसरलेलं ऐझॉल भारताचं विजेतं झालं. ईशान्य भारतातल्या कुठल्याही क्लबने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ती पहिली वेळ.

त्याच गुणतक्त्याच्या तळाशी मुंबई एफसी होतं, दहावं. ज्या माणसाने सात वर्षं संघ वर धरला होता तो गेला आणि पहिल्याच हंगामात संघ शेवटचा. प्रशिक्षक एकटा सगळं करत नाही हे मला कळतं. तरी पहिली आणि दहावी ओळ शेजारी ठेवून वाचली की घशाशी आवंढा येतो. मुंबई एफसी दुसऱ्या श्रेणीत खेळून परत येईल अशी आशा होती. पण क्लबने त्यानंतर संघच उतरवला नाही. पुण्याचं डीएसके शिवाजियन्सही त्या हंगामानंतर दिसलं नाही. पुढच्या, २०१७-१८च्या आय-लीगमध्ये महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता.

विजेत्याची अवस्थाही फार सुखाची नव्हती. करंडक घरी नेऊन दोन आठवडे होत नाहीत तोच ऐझॉलला प्रश्न पडला, की पुढच्या वर्षी आपण नक्की कुठल्या मजल्यावर? आयएसएल सर्वोच्च लीग झाली तर देशाचा विजेता आपोआप दुसऱ्या श्रेणीत जाणार होता. लीग जिंकूनही घसरायचं. क्लबने आशियाई महासंघापर्यंत तक्रार नेली, उपोषणाचा इशारा दिला. जून २०१७मध्ये क्वालालंपूरला आशियाई महासंघ, फिफा आणि भारतातली सगळी मंडळी बसली. तोडगा निघाला, तो असा की दोन्ही लीग एकाच वेळी चालाव्यात. आय-लीगच्या विजेत्याला आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीचं तिकीट, आयएसएलच्या विजेत्याला त्याखालच्या एएफसी कपचं. जगात क्वचितच कुठे असतील अशा एका देशात समांतर दोन राष्ट्रीय लीग दोन वर्षं चालल्या. बंगळुरू त्याच उन्हाळ्यात आय-लीग सोडून आयएसएलमध्ये गेलं.

त्या तिकिटावर ऐझॉल जानेवारी २०१८मध्ये इराणला गेलं आणि तिथल्या झोब अहान क्लबशी ३-१ हरलं. तोवर खालिद आणि अल अमना दोघंही ईस्ट बंगालला गेले होते. छोट्या क्लबने जिंकलं की मोठे क्लब त्याची माणसं उचलतात, हे जगभर चालतं, आणि ऐझॉलकडे त्यांना धरून ठेवायला पैसा नव्हता.

आता पुढच्या दोन वर्षांचे विजेते बघा. २०१७-१८ला मिनर्व्हा पंजाब, जे आदल्या हंगामात नववं आलं होतं. २०१८-१९ला चेन्नई सिटी. गोव्याचे क्लब उठून गेल्यावर भरतीला म्हणून घेतलेली ही नावं, ऐझॉल धरून तीन, आणि तिन्ही ओळीने विजेती झाली. भारतात फुटबॉल खेळणारी गावं किती आहेत आणि त्यांना दार उघडं मिळालं तर काय होतं, याचा याहून ठोस पुरावा मला माहीत नाही.

२०१९मध्ये शेवटी आयएसएलला अधिकृतपणे सर्वोच्च लीग केलं गेलं आणि त्याच आराखड्यात जिना बांधायचं वचन होतं: २०२२-२३पासून आय-लीगचा विजेता कुठलीही प्रवेश फी न भरता वर जाईल. ते वचन पाळलं गेलं. २०२३मध्ये त्या जिन्यावरून वर गेलेला पहिला क्लब पंजाबचा, पूर्वीचा मिनर्व्हाच. पुढच्या वर्षी कोलकात्याचं मोहम्मडन स्पोर्टिंग गेलं. ऐझॉलने करंडक जिंकला तेव्हा हा जिना नव्हता. सहा वर्षं उशीर झाला.

खालिद जमील ऑगस्ट २०२५मध्ये भारताच्या राष्ट्रीय संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. बातमी आली त्या दिवशी भाच्याचा फोन आला. "मामा, शिलाँगवाला तो? रेषेवर फेऱ्या मारणारा?" म्हटलं, हो, तोच.